शिवलेलं पुस्तक: पुण्याहून नगरच्या जादूघरापर्यंत

पुण्याहून नगरला सरकारी मोटार सुरू झाल्यापासून शाळेतल्या दोघीतिघींनी मला विचारलं, की बाईमाणसाला एकटीला जाता येईल का. येतं. मी जानेवारीत जाऊन आले. कसं जायचं, कुठे उतरायचं, काय खायचं, ते पुढे लिहिलंच आहे. मी कशासाठी गेले तेही लिहावं लागेल. नाहीतर नगरसारख्या गावात किल्ला, बाजार सोडून मी एका रिकाम्या बंगल्यात आणि केडगावच्या एका झोपडीत का जाऊन बसले, ते कळणार नाही.

माझे यजमान गेल्या माघात गेले. विषमज्वर झाला होता. लढाईच्या दिवसांत ते नगरला असत. तिथल्या छावणीला तंबू आणि मोटारींवर घालायच्या ताडपत्र्या पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची भागी होती. मी पुण्यात शाळेत शिकवत होते आणि मामंजींना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून मी पुण्यातच राहिले. हे महिन्यातून एकदा घरी यायचे, दोन दिवस राहायचे, फारसं बोलायचे नाहीत. आम्ही दोघंही कमी बोलणारी. नगर मी पाहिलंही नव्हतं.

ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी एक चामडी पेटी सापडली. तिच्यात कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, निळ्या काठाचा एक एप्रन होता आणि एक छापील इंग्रजी कागद. मामंजींनी तो शेजारच्या निवृत्त मामलेदारांना दाखवला. ते म्हणाले, "हे फ्रीमेसन लोकांचं, त्या साहेबी गुप्त मंडळाचं. ते जमतात त्या घराला गावात जादूघर म्हणतात. तिथे बायबलावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. तुमचा वसंता त्यांच्यातला झाला होता म्हणायचा."

मामंजी त्यावर दहा महिने काही बोलले नाहीत. मार्गशीर्षात मी वर्षश्राद्धाचा विषय काढला, तेव्हा बोलले.

"त्यानं हात कुठल्या पुस्तकावर ठेवला ते मला कळलं पाहिजे. गीतेवर ठेवला असेल तर भटजींकडे मी स्वतः जाईन. नसेल तर या घरात त्याचं श्राद्ध होणार नाही. जो आपला राहिलाच नाही, त्याला पिंड कुणी द्यायचा?"

"हे कुणाला विचारायचं, मामंजी?"

"ज्यांनी शपथ दिली त्यांना."

गीतेवर अडायला त्यांच्याकडे आणखी एक कारण होतं. मुंजीत त्यांनी मुलाला तळहाताएवढी एक गीता दिली होती, पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात नाव घालून. ती ह्यांच्या खिशात असायची. लढाईत एकदा घरी आले ते गीतेशिवाय. "आगगाडीत हरवली," म्हणाले. मामंजींनी तेव्हा ताटावरून उठून हात धुतले होते.

इंग्रजी कागदावर चिटणीस म्हणून डॉक्टर शेख, भिंगार, नगर अशी सही होती. मी पत्र टाकलं. आठ दिवसांत कार्ड आलं, स्वच्छ मराठीत: "वहिनी, जरूर या. लवकर या. आम्ही दुकान बंद करतो आहोत." संक्रांतीची जोडून सुट्टी होती, आणि यंदा मला कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं नव्हतं.

पहिला दिवस

मोटार सकाळी आठला सुटते. साडेसातला जाऊन उभं राहावं, म्हणजे पुढची जागा मिळते. मागे बसलं तर हाडं खिळखिळी होतात. तिकीट सव्वातीन रुपयांच्या आसपास. बायकांना कंडक्टर आधी चढू देतो. बाकांवर काथ्याच्या गाद्या आहेत, पण साडीला काथ्या टोचतो, एक चादर घडी करून खाली घ्यावी. पाणी घरून न्यावं.

शिरूरला मोटार वीस मिनिटं थांबते. तिथे चहा बरा मिळतो, भजी घेऊ नयेत, तेल जुनं असतं. घोडनदीचा पूल ओलांडला की झाडं कमी होतात. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पण गुडघ्याएवढीच. सुप्याच्या पुढे माळच माळ. खिडकीतून येणारी धूळ दातांत जाणवते. मला बोलायचं नसलं की खिडकी बरी पडते, म्हणून मी ती उघडीच ठेवली.

माझ्या मागे दोघं शेतकरी बसले होते. केडगाव आलं, नगर तीनेक मैलांवर राहिलं, तेव्हा त्यातला एक हसायला लागला.

"आरं, त्ये बघ. कुनी सोंगट्यांचा पट वाळत घातलाय."

रस्त्याच्या कडेला एक झोपडी होती. तिच्या छपरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं मोठं कापड अंथरून कडांना दगड ठेवले होते. काही चौकटींचा रंग उडाला होता.

"येवढ्या पटावर खेळनार कोन?"

"तुजा सासरा. जागा पुरंल त्याला."

सगळी मोटार हसली. मीही पाहिलं, आणि विसरले.

नगरला माझी जुनी मैत्रीण कमल शिक्षिका आहे, तिच्याकडे उतरले. ओळख नसेल तर बाजारपेठेत धर्मशाळा आहेत, पण एकट्या बाईनं आधी पत्र टाकून कुणाचं तरी घर शोधावं. कमलनं बाजरीची भाकरी आणि शेंगांची आमटी केली होती. ती काही विचारत नाही, म्हणूनच मी तिच्याकडे गेले.

दुसरा दिवस

भिंगार नगरपासून दोनेक मैल आहे. टांगा बारा आण्यांत ठरतो, आधी ठरवावा. रस्ता किल्ल्याच्या कडेनं जातो. टांगेवाल्यानं चाबकानं तट दाखवला.

"ह्याच किल्ल्यात ठिवलं हुतं बाई समद्या पुढाऱ्यांना. लई दिस. चिट पाखरू आत जात नव्हतं."

मी तट बघत राहिले. तो बराच लांब आहे. ती वर्षं म्हणजे ह्यांची नगरची वर्षं. पुण्यात मामंजींनी तेव्हा पायांत घालणं सोडलं होतं, पुढारी सुटेपर्यंत. आणि हे महिन्यातून एकदा या तटाजवळून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंगतीला जात होते. त्यांना त्याचं काय वाटत असे, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं, तर विचारणार काय?

"कुटं उतरायचं?" टांगेवाल्यानं विचारलं. मी डॉक्टरांनी कळवलेली खूण सांगितली. त्यानं लगाम ओढला.

"जादूघर? तिकडं कशाला बाई? तिथं मानूस कापून परत जोडत्यात म्हनं."

"जोडल्यावर काय होतं?"

"जोडल्यावर त्यो विंग्रजी बोलतो."

बंगला बैठा, कौलारू आहे. फाटकाचं एक दार निखळून भिंतीला टेकवलेलं होतं. डॉक्टर शेख व्हरांड्यात खुर्ची टाकून माझी वाट पाहत होते. साठीचे, उंच, डोक्यावर काळी टोपी, कोपरांवर झिजलेला कोट. उठून उभे राहिले आणि नमस्कार केला.

"या वहिनी. वसंतरावांना आम्ही ब्रदर म्हणायचो, म्हणून तुम्ही वहिनी. माझी बायको म्हणते, एवढे भाऊ जमवलेत, त्यातला एक तरी भाजी आणून देतो का?"

मी पेटी उघडून एप्रन त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, परत करायला आणलाय.

"परत घेत नाहीत," ते म्हणाले. "हा माणसाबरोबर जातो. साहेब लोक पुरतात."

"आमच्यात पुरत नाहीत."

"मग तुमच्याजवळ राहू द्या. मला तरी दुसरं सुचत नाही."

त्यांनी खोली दाखवली. मोठी खोली, आणि आत काही नाही. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. एका कोपऱ्यात दोन लाकडी खांब आडवे टाकलेले, खिडकीखाली हातभर रुंदीचे दोन दगड. एक खडबडीत, खाणीतून आणला तसाच. दुसरा चारी बाजूंनी घडवून गुळगुळीत केलेला.

"एक म्हणजे माणूस येतो तसा, दुसरा म्हणजे व्हायला हवा तसा," डॉक्टर म्हणाले. "इथल्या वडाराकडून करून घेतले. तो मजुरी घेईना. म्हणाला, 'एक दगड घडवायचाच न्हाई तर माज्याकडं आनला कशाला?' आमचे प्रमुख मेजर कॉलिन्स, त्यांना ते मी इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, याला आत घ्या. तो काही आला नाही."

मग त्यांनी मला लॉज, म्हणजे त्यांची इथली शाखा, कसं सुरू झालं ते सांगितलं. नगरला येणाऱ्यांना किल्ल्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतील, हा सांगायला आता एकटे डॉक्टरच आहेत.

लॉज काढायला सात जण लागतात, आणि ते सातही आधी कुठल्या तरी लॉजचे असावे लागतात. लढाईच्या मध्यावर नगरला असे सात जण निघाले. छावणीतले चार गोरे अधिकारी, रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन, सोडावॉटरच्या कारखान्याचे मालक सोराबजी आणि डॉक्टर. बंगला सोराबजींचा. विलायतेहून सनद यावी लागते. तेव्हा बोटी बुडत होत्या. पहिली सनद समुद्रात गेली असं सोराबजी सांगत, डॉक्टरांना ते खरं वाटत नसे. पण सनद यायला दीड वर्ष लागलं, तेवढ्यात चारांपैकी एक अधिकारी ब्रह्मदेशात मारला गेला आणि त्याच्या जागी दुसरा शोधावा लागला. सामानही विलायतेहून यायचं, तेही येईना. म्हणून खांब पाळणे करणाऱ्या सुतारानं केले, दगड वडारानं. राहिली जमीन. लॉजची जमीन काळ्या-पांढऱ्या चौकटींची लागते, त्याची सतरंजी येते.

"मेजर म्हणाले, इथे ताडपत्री करणारा कोण आहे? असे वसंतराव आले. चौकटी स्वतः आखल्या, स्वतः रंगवल्या. अंथरायला आले तेव्हा विचारलं, हे कशासाठी? मेजर म्हणाले, आत आल्याशिवाय सांगता येत नाही. दोन महिन्यांनी वसंतराव आत आले. या लॉजनं घेतलेला पहिला माणूस तोच. आम्ही सात जण तर आधीचेच होतो."

"ती ताडपत्री कुठे आहे?"

"सावळेरामला दिली. आमचा इथला नोकर. गेल्या पावसाळ्यात केडगावला त्याचं छप्पर उडालं."

मोटारीतलं हसणं मला आठवलं.

"गोरे गेले," डॉक्टर म्हणाले. "सोराबजी मुंबईला मुलाकडे गेले. रेल्वेवाला ऑस्ट्रेलियाला. नंतर घेतलेले चार हिंदू होते, त्यांतले दोघे वकील, त्यांनी पत्र पाठवलं की आता दिवस बदलले. वसंतराव पुण्याहून येत राहिले. शेवटी आम्ही तिघं बसायचो, मग दोघं. माझे दोन सख्खे भाऊ कराचीला गेले, मलाही बोलावतात. मी म्हटलं, इथल्या बाळंतिणी टाकून कुठे येऊ? पण दोघांचं लॉज होत नाही, वहिनी. आणि आता मी एकटा."

मी तेव्हा विचारलं. मामंजींचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, श्राद्ध अडलं आहे तेही सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, त्यांचा चेहरा उजळला.

"एवढंच? गीतेवर. ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या ग्रंथावर, हा आमचा नियमच. मी कुराणावर घेतली, सोराबजींनी अवेस्तावर, गोऱ्यांनी बायबलावर. टेबलावर चारही असायचे. खात्रीनं सांगा वडिलांना. थांबा, सांगू नका, दाखवाच."

त्यांनी आतून एक गाठोडं आणलं. जाड तांबडं कापड, आत पुस्तक, आणि कापड चारी बाजूंनी शिवून बंद केलेलं. टाके मी लगेच ओळखले. मेणाचा दोरा, दाभणानं भोक पाडून दोन्ही बाजूंनी दोन सुया घातलेल्या. माझ्या चपला, मामंजींची छत्री, शाळेची पिशवी, सगळं ह्यांनी असंच शिवलेलं आहे.

"हे तुम्हीच न्या," डॉक्टर म्हणाले. "आमच्या नियमानं पुस्तक उघडं लागतं. पण वसंतराव म्हणाले, आमच्याकडे ग्रंथ सोवळ्यात असतो, वरून हात ठेवला तरी चालतो. आमच्यातही कुराण-शरीफ जुजदानात, कापडी गवसणीत ठेवतात, त्यामुळे मला वावगं वाटलं नाही. मेजरनी मानलं. नंतरच्या चौघांनी या कापडावरच हात ठेवला. त्यातले एक वकील म्हणायचे, वसंतराव, हे कुठलं हो सोवळं तुमचं? वसंतराव नुसते हसायचे."

मीही हसल्यासारखं केलं. आमच्या घरी पुस्तकाला सोवळं कधीच नव्हतं. मामंजी पोथी वाचता वाचता चहा पितात.

"त्यांनी शपथ घेतली तेव्हाही पुस्तक असंच होतं?" मी विचारलं.

"नाही. तेव्हा उघडं होतं. हे सगळं सांगायचं नसतं, पण आता कुणासाठी लपवू? पहिल्या दिवशी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असते. शपथ झाली की पट्टी काढतात, आणि पहिली नजर ग्रंथावर पडते. मी माझ्या टेबलाशी होतो, दहा हात लांब. समोर मेजर होते. पट्टी काढल्यावर वसंतराव पुस्तकाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भरून आलंय."

टांगा थांबवलेला होता. गाठोडं घेऊन मी निघाले.

कमल शाळेच्या कामाला गेली होती. दुपारचं ऊन खिडकीत होतं. मी तिच्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेऊन एका बाजूचे टाके कापले. दोरा पक्का होता.

आत दोन पुस्तकं निघाली. वर तळहाताएवढी गीता. पहिल्या पानावर मामंजींचं अक्षर: चि. वसंत यास मुंजीनिमित्त. मला फार बरं वाटलं. सगळं सुटलं असं वाटलं. मग खालचं पुस्तक काढलं. जाड, काळ्या पुठ्ठ्याचं. त्यावर देवनागरीत लिहिलं होतं: नवा करार. म्हणजे बायबलाचाच भाग.

ते मी तसंच मांडीवर ठेवून कमल येईपर्यंत बसले होते.

तिसरा दिवस

परतीची मोटार दुपारी केडगावला हात दाखवला तर थांबते, कंडक्टरला तसं आदल्या दिवशी सांगून ठेवावं. मी सकाळी टांग्यानं केडगावला गेले. झोपडी शोधावी लागली नाही.

सावळेराम दारात बसून घायपाताचा दोर वळत होता. साठ-पासष्ट वर्षांचा असेल, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी कोण ते सांगितल्यावर धडपडत उठला, आतून घोंगडी आणून अंथरली, बायकोला हाक मारली.

"अगं, वसंतरावसायबांच्या घरच्या वैनी आल्यात. च्या टाक. गूळ हाय का बघ." मग माझ्याकडे वळून छपराकडे बोट दाखवलं. "सायबांचीच ताडपत्री, वैनी. यंदा एक थेंब गळला न्हाई. लोक हसत्यात. हसंनात का, कोरडं तर हाय."

मी पिशवीतून काळं पुस्तक काढलं आणि विचारलं, हे लॉजमध्ये कुणी आणलं ठाऊक आहे का?

"व्हय तर! मीच गेल्तो मेजरसायबासंगं. सायेब म्हनला, सावळेराम, हिंदूंचं देवाचं पुस्तक पायजे, म्हराटी, कुटं मिळंल? आता मला कुटं वाचता येतंय? मी म्हनलं, पाद्र्याच्या दुकानात लई म्हराटी पुस्तकं असत्यात. गेलो. सायबानं हे उचललं. म्हनला, म्हराटी? दुकानदार म्हनला, म्हराटी. म्हनला, देवाचं? त्यो म्हनला, देवाचंच. सायेब खूश. म्हनला, येवढं जाड हाय म्हंजी चांगलंच आसनार."

त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुमी आनि तुमचा सायेब. दोगंबी आडानी."

"गप गं." मग माझ्याकडे बघून त्यानं आवाज उतरवला. "का वैनी? काय चुकलं का आमचं?"

"नाही," मी म्हटलं. "काही चुकलं नाही."

हे माझ्या तोंडून आपोआप गेलं. तो म्हातारा, ते छप्पर, तो गुळाचा चहा. दुसरं काही बोलणं मला शक्य नव्हतं.

"आणि शिवलं कधी, सावळेराम?"

"वसंतरावसायबास्नी आत घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिशी. सकाळी एकलेच आले. तांबडं कापड, दाभन, दोरा समदं संगं. व्हरांड्यात बसले. खिशातनं ल्हान पुस्तक काढलं, कपाळाला लावलं, ह्या पुस्तकावर ठिवलं, आन् दोनी मिळून शिवाया लागले. मी म्हनलं, सायेब, आता हे उघडायचं कसं? म्हनले, उघडायचंच कशाला, सावळेराम. दाभन बोटात गेलं, रगत आलं. तरी शिवतच हुते. म्या फडकं दिलं तर म्हनले, ऱ्हाऊ दे, कापड तांबडंच हाय."

मग तो म्हणाला, "लई चांगला मानूस. मला कदी आवाज चढवून बोलला न्हाई."

मोटार अडीचला आली. सावळेरामनं रस्त्यात मधोमध उभं राहून ती थांबवली आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या. बसताना मी मागे पाहिलं. छपरावरच्या चौकटी ह्यांनी आखलेल्या होत्या. रेघा अजून सरळ होत्या.

परतीचा रस्ता तोच, पण ऊन समोरून, डावीकडून येतं, म्हणून डाव्या बाजूला बसू नये. मांडीवर गीता होती, पायाशी पिशवीत दुसरं पुस्तक. सुप्यापासून शिरूरपर्यंत मी एकच विचार करत होते. मामंजींना ही छोटी गीता दाखवली की झालं. हीच ती, हरवली नव्हती, लॉजमध्ये होती. डॉक्टरही शपथेवर तेच सांगतील, आणि ते खोटं बोलत नसतील. नंतरच्या चौघांचा हात हिच्यावरच पडला होता. ह्यांच्या तिथीला, माघ वद्य पंचमीला, भटजी येतील. घोडनदीच्या पुलावर मोटार सावकाश चालते आणि खाली पाणी बरंच असतं. मी पिशवीत हात घातला होता. पुस्तक हाताला लागलं.

ह्यांना तर हे पुस्तक काढून टाकायला कुणाची आडकाठी नव्हती. गीता जवळ होती, कापड जवळ होतं, विचारणारं कुणी नव्हतं. तरी त्यांनी ते काढलं नाही. दुसऱ्यांचा हात गीतेवर पडेल एवढं बघितलं, आणि स्वतःचं होतं तसं खाली राहू दिलं. मोटार पुलावरून पलीकडे गेली.

घरी

मामंजी ओसरीत बसले होते. मी हातपाय धुऊन आले आणि दोन्ही पुस्तकं आणि कापलेलं तांबडं कापड त्यांच्यापुढे ठेवलं. जे ऐकलं ते पहिल्यापासून सांगितलं. मला एवढं सलग बोलायची सवय नाही. गीतेचं पहिलं पान उघडून त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे हरवली नव्हती."

"नाही."

"पट्टी होती तेव्हा त्याला वाटलं गीताच आहे."

"हो."

"पट्टी काढल्यावर दिसलं."

"हो."

"मग तेव्हाच का नाही म्हणाला, की हे माझं पुस्तक नाही? पुन्हा दिली असती शपथ. काय बिघडत होतं?"

"मेजरनी स्वतः जाऊन आणलं होतं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर त्यांचा मान राहावा, असं वाटलं असेल."

मामंजींनी गीता मिटली.

"आणि माझा?" ते म्हणाले.

मी तांबडं कापड उचलून त्याची घडी घातली.

ते भटजींकडे गेले नाहीत. माघ वद्य पंचमी आली. मी शाळेत गेले नाही. सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर मामंजी म्हणाले, "माझ्यासाठी काही टाकू नकोस." दिवसभर ते ओसरीत बसून होते, दारावरून कुणी गेलं की मान खाली घालायचे. घरात चूल पेटली नाही. मामलेदारांनी कुंपणावरून विचारलं, "आज तिथी ना हो?" मामंजी उठून आत आले.

ऊन उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे दोन्ही पुस्तकं होती. गीता ते स्वतःजवळ ठेवून घेतील आणि दुसरं टाकून दे म्हणतील, असं मी महिनाभर धरून चालले होते. त्यांनी गीता काळ्या पुस्तकावर ठेवली, कडा हातानं जुळवल्या.

"वसंताचं दाभण आहे का घरात?"

"आहे."

"मग होतं तसं शिवून ठेव."

मी शिवलं. मला दोन सुयांचा टाका येत नाही, एकाच सुईनं शिवलं. ह्यांचे टाके तीन बाजूंना आहेत, माझे एका बाजूला, वाकडे. मामंजी शेवटपर्यंत समोर बसून कापड धरून होते. पुस्तक आता ट्रंकेत एप्रनशेजारी आहे.

नगरला जायचं असेल तर थंडीत जा, मार्चनंतर ती धूळ सोसत नाही. केडगावचं ते छप्पर पुढच्या पावसापर्यंत टिकेल असं सावळेराम म्हणतो. नगरला जाताना उजव्या हाताला लागतं.